तीन नंबर बराकीचं पोट

“सिस्टर, लिहिलेलं रजिस्टर कोरं करायचं काही औषध आहे का तुमच्याकडं?” जेलर बोंद्रे साहेबांनी विचारलं आणि स्वतःच हसले. हसता हसता त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला.

कारागृहाच्या दवाखान्यात कामाला मी एकटीच होते. एकोणीसशे एकोणनव्वदचा एप्रिल. पत्र्याचं छप्पर सकाळी दहालाच तापलेलं. आणि त्या उकाड्यात दोन नंबरच्या खाटेवर शशिकांत लोणकर अंगावर दोन घोंगड्या ओढून कुडकुडत पडला होता.

“समन्स आहे,” साहेब म्हणाले. “उद्या अकरा वाजता, सेशन कोर्ट. आजाऱ्यांचं रजिस्टर घेऊन तुम्ही जायचं.”

“मी? डॉक्टर माणकेश्वर का नाहीत?”

“डॉक्टरांची नुसती सही आहे. अक्षर तुमचं आहे. कोर्टाला ज्याचं अक्षर तो माणूस पाहिजे.”

गावाचं नाव मी लिहीत नाही. ते कारागृह अजून तिथंच आहे, फक्त भिंतींचा रंग बदललाय. आज मला पंचाहत्तरावं लागलंय. तेव्हा मी अडतीसची होते. सरकारी दवाखान्यातून माझी तिथं बदली होऊन तीन वर्षं झाली होती. पुरुषांच्या जेलात बाई नर्स म्हणून पहिले दोन महिने कैदी उगाच डोकं दुखतंय म्हणून बघायला यायचे. मग त्यांनाही कंटाळा आला आणि मी त्यांची ‘सिस्टर’ झाले.

“अर्ज कोणाचा आहे?” मी विचारलं.

साहेबांनी दोन नंबरच्या खाटेकडं हनुवटी केली. “ह्या महाराजांचा. मोफतवाल्या वकीलबाई मिळाल्यात ना त्याला, अंतुरकर. त्यांनी अर्ज टाकलाय की, आमच्या अशिलाला गर्दचं, त्या ब्राउन शुगरचं, व्यसन आहे, तुरुंगात त्याचे हाल चाललेत, तर कोर्टानं त्याला सिव्हिलच्या व्यसनमुक्ती वॉर्डात उपचाराला पाठवायचा आदेश द्यावा. आपण उत्तर दिलं की, सदर बंद्यास व्यसन नाही. अतिसार झाला होता, उपचार केले. आता न्यायाधीश म्हणतात, रजिस्टर दाखवा.”

“मग रजिस्टरात अतिसारच आहे.”

“तेच म्हणतो मी. तुम्ही जायचं, ‘अक्षर माझं आहे’ म्हणायचं आणि खाली उतरायचं. दोन मिनिटांचं काम.” दारापर्यंत जाऊन ते वळले. “पांढरी साडी नेसा. कडक इस्त्रीची. कोर्टात बरं दिसतं.”

ते गेले आणि मी रजिस्टर उघडलं. निळ्या शाईतलं माझं अक्षर. शाळेत सुवाच्य अक्षराचं बक्षीस मिळालेलं. लोणकर, शशिकांत बळवंत, वय एकोणतीस, बराक तीन, अतिसार. पुन्हा लोणकर, अतिसार. पुन्हा.

ही पद्धत मी काढलेली नव्हती. माझ्या आधी तिथं एक कंपाउंडर होते, बरेच वयस्कर. मला कामाची सगळी माहिती देताना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “बाई, या भिंतींच्या आत गर्द नावाचा आजार नाही. कारण गर्द लिहिलं की पुढचा प्रश्न येतो, आत आली कुठून? म्हणून इथं पोट बिघडतं. जुलाब तर त्यांना होतातच, म्हणजे आपण खोटंही लिहीत नाही.”

मला ते पटलं होतं असं नाही. पण अंगवळणी पडलं. एक हवालदार होता, त्याचं नाव आता घेत नाही, तो रजेवर गेला की दुसऱ्या दिवशी तीन नंबर बराकीचं पोट बिघडायचं. माल थांबायचा ना! मग एकेकाला ‘टर्की’ लागायची, त्यांचाच शब्द तो. नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, पाय खाटेवर आपटायचे, उलट्या, जुलाब. मी जलसंजीवनीची पाकिटं द्यायची, अंगदुखीची गोळी द्यायची आणि रजिस्टरात अतिसार लिहायची. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, पानाच्या तळाशी सही करायचे.

“सिस्टर,” लोणकर घोंगडीतून म्हणाला. “उद्या तुम्ही पण येणार कोर्टात?”

“तू ऐकत होतास?”

“ऐकायला काय लागतं? कान उघडेच असतात.” त्यानं मान थोडी उचलली. “ते काल माझ्या नावापुढं लिहिलंत, ते वाचलं मी.”

“रजिस्टर माझ्यासमोर होतं. तुला उलटं दिसत असणार.”

“मी छापखान्यात खिळे जुळवायचो, सिस्टर. अकरा वर्षं उलटंच वाचलंय.” तो हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. मी त्याला पाणी पाजलं. दंड हातात धरला तर माझी बोटं एकमेकांना भिडली. जानेवारीत त्याचं वजन एकावन्न किलो होतं. त्या आठवड्यात एकोणचाळीस.

“माझ्या आधी या खाटेवर कोष्टी होता म्हणतात,” तो म्हणाला.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“तो पण अतिसारानंच गेला का?”

“झोप आता,” मी म्हणाले.

दिगंबर कोष्टी मागच्या ऑक्टोबरात गेला होता. बावीस वर्षांचा. सलग चार दिवस त्याच्या पोटात पाणी ठरलं नाही. सुईतून सलाईन लावायला मला परवानगी नव्हती आणि डॉक्टर दसऱ्याच्या सुट्टीवर. सिव्हिलला हलवायचं तर बंदोबस्ताला पोलीस पाहिजेत, आणि पोलीस मिरवणुकीला. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. मी लिहिलं, ‘अतिसार व अंगातील पाणी कमी होणे’. त्याची आई फाटकाशी आली होती. त्याच्या कपड्यांचं गाठोडं मीच तिच्या हातात दिलं. ती रडत नव्हती. मला एवढंच म्हणाली, “पोटानं कसा काय गेला, बाई? माझं पोर दगड पचवायचं.”

संध्याकाळी घरी जेवताना मी ह्यांना समन्सचं सांगितलं. ह्यांची मिल दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती. तेव्हापासून घरातला स्वयंपाक हेच करायचे. मला भाकरी वाढत म्हणाले, “मग? तुला काय वाटतंय?”

“मला काही वाटून घेणं परवडत नाही,” मी म्हणाले. “आपल्याला दोन मुली आहेत.”

“लोणकरला कोण आहे?”

“आई आहे. दर सोमवारी मुलाकातीला येते. जाळीपलीकडून त्याच्याकडं बघत बसते. बोलत नाही.”

ह्यांनी माझ्या ताटात आणखी थोडी आमटी वाढली. मला नको असताना वाढली. 

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी कोर्टाच्या व्हरांड्यात रजिस्टर पोटाशी धरून उभी होते. पांढरी साडी, कडक इस्त्री. लोणकरला दोन पोलिसांनी आणलं होतं. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, हातातली बेडी गुडघ्यांमध्ये लपवून. त्याची आई चार हातांवर उभी. आदल्या वेळी तिनं त्याच्यासाठी डबा आणला होता म्हणे, पोलिसांनी परत पाठवला. आज ती मोकळ्या हातानं आली होती.

अंतुरकर वकीलबाई माझ्याकडं आल्या. पोरसवदा होत्या, काळा कोट त्यांना मोठा होत होता.

“सिस्टर वाघमोडे ना तुम्ही? मी तुम्हाला काही पढवणार नाही. फक्त कायदा सांगते. एखाद्यावर गुन्हा शाबीत झाला तर त्याला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवता येतं, तसं कलम आहे. पण लोणकरचा खटलाच अजून उभा राहिलेला नाही. तो कच्चा कैदी. सरकारी वकील म्हणणार, कोर्टाला अधिकारच नाही. ते मी बघून घेईन. पण आजारच कागदावर नसेल तर अधिकार असून उपयोग काय?”

“मी नोकर माणूस आहे, वकीलबाई.”

“माहीत आहे. म्हणून तर विनंती करत नाहीये. खटला उभा राहायला आणखी वर्ष जाईल. तो वर्षभर टिकेल असं तुम्हाला वाटतं का? एवढंच स्वतःला विचारा.”

त्या आत गेल्या. बोंद्रे साहेब कधी मागं येऊन उभे राहिले मला कळलं नाही.

“काय म्हणत होत्या?”

“कायदा सांगत होत्या.”

“हं.” त्यांनी टोपी काढून घाम पुसला. त्या माणसाला दुष्ट म्हणणं सोपं आहे. मला कधी जमलं नाही. कोष्टीचं गाठोडं बांधायला त्यांनी स्वतःच्या घरून चादर आणून दिली होती. “सिस्टर, रात्रभर विचार केला मी. ह्या पोराचं काय खरं नाही. आणखी एक मेला तर माझंही काय खरं नाही. तर असं करा. लोणकरचं काय असेल ते सांगून टाका.”

मी रजिस्टर ह्या हातातून त्या हातात घेतलं.

“एकट्या लोणकरचं. तो तारखेला कोर्टात येतो-जातो. माल बाहेरून आणला असेल, आणणाऱ्या पोलिसांचं लक्ष नव्हतं. तसं मला सांगता येतं. एकाचं निभावून नेईन, तुमच्या केसाला धक्का लागू देणार नाही. पण बराकीचं नाव निघालं, ऑक्टोबरचं पान निघालं, तर…” त्यांनी तीन बोटं वर केली. “अक्षर तुमचं, सही डॉक्टरांची, शिक्का माझा. तिघंही आत. आणि आत म्हणजे कुठं, ते आपल्याला सांगायला नको.”

पट्टेवाल्यानं माझं नाव पुकारलं.

न्यायाधीश उपासनी साहेब साठीच्या जवळ आलेले, बारीक अंगाचे, आवाज इतका हळू की सगळं कोर्ट श्वास धरून बसायचं. सरकारी वकिलांचं बोलणं चालू होतं. कच्च्या कैद्याला उपचाराला पाठवायचा अधिकार कायद्यानं न्यायालयाला दिलेला नाही, तुरुंगातल्या आजाऱ्याचं काय करायचं ते तुरुंगाच्या नियमावलीत आहे, असं ते सांगत होते.

“वकीलसाहेब, हा माणूस आत्ता कोणाच्या कोठडीत आहे?” उपासनी साहेबांनी विचारलं.

“न्यायालयीन कोठडीत, साहेब.”

“म्हणजे कोणाच्या?”

सरकारी वकिलांनी हातातला कागद चाळला.

“माझ्या,” न्यायाधीश म्हणाले. “मी त्याला आत ठेवलंय. जेलर फक्त सांभाळतात. तो माझ्या ताब्यात आजारी पडला तर औषधाची व्यवस्था करायचा अधिकार मला नाही, असं मी लिहू? वरचं कोर्ट माझा आदेश फिरवेल तर फिरवू दे. पण तुमचा दुसरा मुद्दा मला अडवतो. अतिसाराच्या रोग्याला मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात कसा पाठवू? सिस्टर, या.”

मी पिंजऱ्यात चढले. ईश्वराला साक्षी ठेवून खरं सांगेन म्हणाले. रजिस्टर वर दिलं.

“अक्षर तुमचं?”

“हो, साहेब.”

आता उतरायचं होतं. मी पायरीकडं बघितलंसुद्धा. समोर लोणकर दोन पोलिसांच्या मध्ये उभा होता. उभा कसला, त्यांनी धरलेला होता. नाकातून पाणी गळत होतं आणि बेडीमुळं त्याला ते पुसता येत नव्हतं.

“साहेब,” मी म्हणाले, “अक्षर माझं आहे, पण आजार तो नाही.”

सगळं कोर्ट हललं. न्यायाधीश हलले नाहीत. “सांगा.”

“त्याला जुलाब होतात हे खरं. पण जुलाबाचा माणूस सारखा जांभया देत नाही. त्याच्या अंगावर एप्रिलात काटा येत नाही. ह्याला गर्द मिळाली नाही की हे सगळं होतं. मिळाली की बरा होतो. तीन महिने मी बघतेय. आत्तासुद्धा तेच चाललंय, तुमच्यासमोर.”

“मग अतिसार का लिहिलंत?”

“तशी पद्धत आहे, साहेब.”

“कोणाची पद्धत?”

“माझ्या आधीपासूनची.”

त्यांनी लेखनिकाला काही सांगितलं, टाइपरायटर खडखडला. मला वाटलं संपलं. छातीत किती दिवसांनी हलकं वाटत होतं. न्यायाधीश मात्र रजिस्टरची पानं मागं मागं उलटत राहिले. पेन्सिलीनं कागदावर खुणा करत राहिले.

“सिस्टर, कारागृहात बराकी किती?”

“सहा.”

“पाणी?”

“एकाच टाकीचं, साहेब.”

“जेवण?”

“एकाच भटारखान्यातलं.”

“जानेवारीपासून अतिसाराचे एक्केचाळीस रुग्ण आहेत. अडतीस बराक तीनमधले.” त्यांनी चष्मा काढला. आवाज आणखी खाली आला. “नीट ऐका. एका लोणकरचा प्रश्न असेल तर मी एका लोणकरला पाठवेन. सगळ्या बराकीचा असेल तर मला वेगळा आदेश करावा लागेल. सिव्हिलचे डॉक्टर आत जातील, एकेकाला तपासतील, ज्याला लागेल त्याला उपचार मिळतील. ते करायला माझा हात अडत नाही. पण कोणीतरी मला सांगायला हवं. हे बाकीचे सदतीस, हेही तसेच का?”

बोंद्रे साहेब दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. टोपीकडं बघत होते.

“मला माहीत नाही, साहेब,” मी म्हणाले. “लोणकर दवाखान्यात असतो म्हणून मी त्याचं बघितलं. बाकीचे पाकीट घेतात आणि जातात.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी आणखी मागचं पान काढलं. मला पान कुठलं ते लांबूनच कळलं. त्या दिवशी माझ्या हाताला सलाईनच्या बाटलीची काच लागली होती, रिकाम्या बाटलीची, आणि कडेला एक तांबूस डाग पडला होता.

“दिगंबर कोष्टी. वय बावीस. मृत्यू. हा?”

वकीलबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांना कोष्टीचं काहीच माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

“हा अतिसारच होता, साहेब,” मी म्हणाले.

“नक्की?”

“हो.”

टाइपरायटर पुन्हा खडखडला. ईश्वराला साक्षी ठेवलेलं होतं, त्यानं काही केलं नाही.

न्यायाधीशांनी लोणकरला पुढं बोलावलं. “तुला सिव्हिलच्या वॉर्डात पाठवायचं म्हणतोय. तुझी इच्छा नसेल तर मला सक्ती करता येत नाही. जायचंय?”

“जायचंय, साहेब.”

“दारावर पोलीस असेल. बेडी असेल.”

“खाटेला बांधा, साहेब,” लोणकर म्हणाला. “पण औषध द्या.”

मागच्या बाकावर त्याची आई होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा आवाज ऐकला. “शशी,” एवढंच म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबला.

आदेश तिथंच टाइप झाला. एकवीस दिवस उपचार, दर सात दिवसांनी डॉक्टरांचा अहवाल न्यायालयाकडे. लोणकरला कोर्टातूनच परस्पर नेलं. जाताना तो माझ्या पायाशी वाकायला गेला, पोलिसांनी ओढला.

वकीलबाईंनी व्हरांड्यात माझे दोन्ही हात धरले. “सिस्टर, तुम्ही काय केलंत तुम्हाला कल्पना नाही. या कोर्टातला असा हा पहिलाच आदेश आहे.” मी हात सोडवून घेतले. बोंद्रे साहेबांनी जीपमध्ये मला पुढं बसवलं, ते मागं बसले. वाटेत म्हणाले, “शहाणपण केलंत.” 

लोणकर बरा झाला. एका दमात नाही. एकदा पुन्हा घसरला, पुन्हा वर आला. खटल्यात त्याला भोगली तेवढीच शिक्षा झाली. छापखाना त्यानं सोडला नाही. पुढं स्वतःचं ऑफसेटचं छोटं यंत्र टाकलं, लग्न केलं, आईला काशीला नेऊन आणलं. अजून दर वर्षी डिसेंबरात नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन माझ्याकडं येतो. आता त्याचंही डोकं पांढरं झालंय. माझ्या नातवंडांना सांगतो, “तुमची आजी नसती ना, तर मी गेलो असतो. साऱ्या जेलात खरं बोलायची हिंमत ह्या एकट्या माउलीला झाली.” मी आत जाऊन चहा टाकते. चहा उकळून अर्धा होईपर्यंत मी बाहेर येत नाही.

कारण त्याला त्या दिवसाच्या पुढची सकाळ माहीत नाही. तो तेव्हा सिव्हिलमध्ये होता, आणि बराकीतल्या कोणी त्याला ते पुढं सांगितलं नाही.

त्या सकाळी आठला मी दवाखान्याचं दार उघडलं तर समोर ओळ होती. एरवी सात-आठ जण असायचे. त्या दिवशी वीस होते, सगळे बराक तीनचे. बातमीला भिंती अडवत नाहीत. जेलात तर मुळीच नाही. एरवी ते दाराशी येताना पोट धरून वाकून यायचे. त्या दिवशी ताठ उभे होते. काहींनी आंघोळ करून भांग पाडले होते, जशी काही लग्नाची बोलणी आहेत.

सगळ्यांत पुढं भिकामामा. पन्नाशीचा, बैलबाजारात दलाली केलेला, दांडगा माणूस. सगळी बराक त्याला मामाच म्हणायची.

“सिस्टर, लिहा,” तो म्हणाला. “भिका सखाराम डोईफोडे. पोट नाही. गर्द. सात वर्षं झाली.”

“आमचं पण लिहा, सिस्टर,” मागून कोणी म्हणालं.

“जज्जसाहेबांनी काल विचारलं म्हणे बराकीचं. खरं का, सिस्टर?”

“सदतीस म्हणाले म्हणे. आम्ही वीस तरी आलोय. बाकीचे भितात.”

“आमची नावं घेतलीत ना तुम्ही तिकडं?”

दाराशी हवालदार उभा होता. त्याच्या मागं, चालत चालत आल्यासारखे, बोंद्रे साहेब.  हात मागं बांधून उभे राहिले.

मी पेन उघडलं. नाव लिहिलं, वय लिहिलं, बराक लिहिली. चौथ्या रकान्यापाशी हात थांबला. काल शपथेवर ‘माहीत नाही’ म्हणाले होते. आज वीस नावांपुढं तो शब्द लिहिला तर सात दिवसांनी लोणकरच्या अहवालाबरोबर हे रजिस्टर पुन्हा वर जाणार. पुन्हा ते पान उलटणार, पुन्हा ऑक्टोबरपर्यंत जाणार. पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला.

भिकामामानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं. बाजारात जनावराचे दात न बघता वय सांगणारा माणूस तो. त्याला काय लागतं?

“राहू द्या, सिस्टर,” तो हळू आवाजात म्हणाला. “पोटच लिहा.”

“मामा, अरे पण काल लोणकरला…” मागचा एक जण पुढं सरकला.

“गप रे. लोणकरच्या मागं वकीलबाई होती. सिस्टरच्या मागं कोण आहे?”

तो माणूस मागं झाला. मामानं पाकिटासाठी हात पुढं केला. मी चौथ्या रकान्यात लिहिलं.

दुसरा आला. “पोट, सिस्टर.”

तिसरा. “पोट.”

“जुलाब लागलेत.”

“पोटच, सिस्टर.”

कोणी रागावलं नाही. कोणी टोमणा मारला नाही. मारला असता तर मला बरं झालं असतं. एकेक जण येत होता, मला ऐकू येईल आणि साहेबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात आपला आजार सांगत होता आणि पाकीट घेऊन बाजूला होत होता.

शेवटचा नवा होता. दोनच दिवसांपूर्वी आत आलेला. त्याला तिथल्या रीतीभाती ठाऊक नव्हत्या, मागं उभा असल्यामुळं पुढचं बोलणंही त्याला ऐकू गेलं नव्हतं. दोन्ही हात काखेत दाबून थरथरत तो टेबलाशी आला.

“बाई, मला गर्दची सवय आहे,” तो म्हणाला. “इथं उपचार मिळतात असं सांगितलं मला.”

मी मान वर केली नाही.

मामा अजून गेला नव्हता. त्यानं पोराच्या पाठीवर हात ठेवला.

“पोट म्हण,” तो म्हणाला.

“पण पोट नाही, मामा…”

“म्हण रे. बाईंना लिहायचंय.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “पोट.”

मी लिहिलं.